पी२१ चार तासांनी मोजायचा की चोवीस तासांनी? रेडिएशननंतर जीन्सचं वेळापत्रक कसं चालतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी निरोगी माणसाच्या रक्तातून लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या केल्या, कोबाल्टच्या मशीनमध्ये त्यांना २ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) गॅमा दिलं, मग ४ तासांनी आणि २४ तासांनी आरएनए काढून रिअल टाइम पीसीआर (कुठल्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) लावली. पी२१ (पेशीचं विभाजन थांबवणारा जीन) ४ तासांना चांगला वाढलेला दिसला पण २४ तासांना ती वाढ जवळपास निम्मी झाली, एमडीएम२ ४ तासांना वर आणि २४ तासांना पार कंट्रोलच्या (रेडिएशन न दिलेल्या पेशींच्या) लेव्हलला, आणि पी५३ चा (डीएनए बिघडला की पेशीचा प्रतिसाद चालवणाऱ्या प्रोटीनचा) स्वतःचा जीन दोन्ही वेळी जागचा हललाच नाही. गाइड म्हणतात २४ चंच रीडिंग धरा, सीनियर म्हणतात ४ चं धरा, आणि तुम्ही विचारताय की यातलं बरोबर कुठलं, आणि पी५३ हललाच नाही म्हणजे एक्सपेरिमेंट फसला का.

फसलेला नाही. तुमचा डेटा मला बराच विश्वासार्ह वाटतोय, कारण तो जसा असायला हवा तसाच आहे. रेडिएशन बायोलॉजीत २० वर्षांहून जास्त काम केल्यावर सांगते, गडबड रीडिंगमध्ये नाही, प्रश्न ज्या पद्धतीने विचारला गेलाय त्यात आहे. '२ ग्रेला पी२१ किती पट वाढतो' याला एक उत्तर नाहीच. किती वेळाने, कुठल्या पेशीत, किती वेगाने दिलेला डोस, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. गाइड आणि सीनियर दोघं बहुतेक दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, आणि कुठला प्रश्न तुमचा आहे ते तुम्हाला ठरवायचंय.

आधी पेशीत काय घडतं ते वेळेच्या क्रमाने बघू. १ ग्रेला एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे तुटलेत असे साधारण ३० ते ४० ब्रेक होतात, म्हणजे तुमच्या २ ग्रेला ६०-८० धरा. एकेरी धाग्याचे ब्रेक हजाराच्या घरात असतात पण ते पटकन भरून निघतात, पेशीची झोप उडवतात ते हे दुहेरी ब्रेक. पहिल्या काही मिनिटांत जे होतं त्यात जीन्सचा संबंधच नसतो, सगळं आधीच तयार असलेल्या प्रोटीन्सवर चालतं. एटीएम नावाचं एन्झाइम एरवी जोडीजोडीने निपचित पडलेलं असतं, ते सुटं होऊन कामाला लागतं. बक्केनिस्ट आणि कास्टन या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की ०.५ ग्रे इतक्या कमी डोसलासुद्धा १५ मिनिटांत पेशीतलं बहुतेक एटीएम जागं झालेलं असतं. ब्रेकच्या आजूबाजूच्या हिस्टोनवर (डीएनए ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनवर) फॉस्फेट लागतात, तेच गॅमा-एच२एएक्सचे ठिपके, ते अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्यात जास्त दिसतात आणि मग रिपेअर होईल तसे कमी होत जातात.

आता तुमचा पी५३. त्याचं प्रोटीन पेशी सतत बनवत असते आणि एमडीएम२ ते सतत मोडून टाकत असतं. रेडिएशननंतर एटीएम हे मोडणं थांबवतं, म्हणून प्रोटीन साठतं. जीनवरून नवीन आरएनए काढायची गरजच नसते, त्यामुळे रिअल टाइमवर टीपी५३ (पी५३ चा जीन) हलत नाही. हा घोळ मी इतक्या थीसिसमध्ये बघितलाय की काय सांगू, 'पी५३ अ‍ॅक्टिव्हेट झाला नाही' असं बिनधास्त लिहिलेलं असतं आणि त्याच्याच शेजारच्या ग्राफमध्ये पी२१ वर गेलेला असतो. पी५३ बघायचा तर वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन मोजायची पद्धत) लावा. नाहीतर त्याच्या हाताखालचे जीन बघा, पी२१, एमडीएम२, गॅड४५ए, डीडीबी२, एफडीएक्सआर, ते हलले म्हणजे पी५३ कामाला लागलाय हे कळलंच.

या हाताखालच्या जीन्सचंही एकच वेळापत्रक नाही, आणि तुमच्या गोंधळाचं मूळ इथे आहे. एमडीएम२ स्वतः पी५३ च्या हुकमाने वाढतो आणि वाढला की पी५३ लाच मोडतो. मग पी५३ उतरतो, एमडीएम२ उतरतो, डीएनए अजून तुटलेला असेल तर एटीएम परत पी५३ ला वर आणतं. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये गालित लाहाव, उरी अलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत, एकेका पेशीचं शूटिंग करून दाखवलं की पी५३ लाटांसारखा वरखाली होतो, दोन लाटांत काही तासांचं अंतर असतं, नंतरच्या कामात ते साधारण साडेपाच तास आलं. डोस वाढवला तर लाट उंच होत नाही, लाटांची संख्या वाढते! मला हे आजही फार सुंदर वाटतं. पण प्रत्येक पेशीची लाट थोडी पुढेमागे असते, आणि आपण लाखो पेशी एका ट्यूबमध्ये चिरडून आरएनए काढतो, म्हणजे हातात येते ती सरासरी. पहिली लाट बऱ्यापैकी दिसते, पुढच्या एकमेकींत मिसळून सपाट होतात. अर्थात हे वाढणाऱ्या कॅन्सर पेशींमधलं आहे, तुमच्या शांत बसलेल्या लिम्फोसाइट्समध्ये लाटा तशाच येतील असं धरून चालू नका.

दुसरं कारण आरएनएचं आयुष्य. आपण एमआरएनए (जीनवरून निघालेली आरएनए कॉपी) मोजतो तेव्हा सोसायटीच्या टाकीतलं पाणी मोजतो, नळ किती सोडलाय ते नाही. टाकीची लेव्हल वरून येणाऱ्या पाण्यावर जेवढी अवलंबून तेवढीच खालून होणाऱ्या वापरावर पण. एमडीएम२ चा आरएनए पटकन मोडतो, म्हणून पी५३ उतरला की तोही लगेच उतरतो आणि २४ तासांना तुम्हाला कंट्रोलसारखा दिसतो. ज्यांचा आरएनए टिकाऊ असतो ते साठत जातात, नळ बंद झाल्यावरही टाकी भरलेली दिसते. म्हणजे २४ तासांना एखादा जीन वर आहे याचा अर्थ तो त्या क्षणी चालू आहे असा होत नाही, त्याचा साठा अजून संपलेला नसेल एवढंच. तुम्हाला त्या क्षणाची अ‍ॅक्टिव्हिटीच हवी असेल तर प्रायमर (पीसीआर कुठून सुरू करायची ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) इंट्रॉनमध्ये (जीनच्या, नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) टाका, म्हणजे कच्चा, अजून कापाकापी न झालेला आरएनए पकडला जाईल. पण मग डीनेझ (डीएनए मोडणारं एन्झाइम) ट्रीटमेंट मनापासून करायची आणि आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न टाकलेला कंट्रोल लावायचाच, नाहीतर जीनोमिक डीएनएच मोजत बसाल.

तिसरं म्हणजे जीनची लांबी. जीनवरून आरएनए काढणारं पॉलिमरेज एन्झाइम मिनिटाला साधारण २ हजार बेस वाचतं, पी२१ चा जीन आठ-दहा हजारांचा, पाच मिनिटांत कॉपी तयार. डिस्ट्रोफिनसारखा २० लाखांच्या वरचा जीन असेल तर एक कॉपी निघायला १६ तासांच्या आसपास लागतात. म्हणून लवकरच्या टाइम पॉइंटला वर येणाऱ्या यादीत छोटे जीन जास्त दिसतात, त्यातून लगेच मोठा अर्थ काढायला जाऊ नका.

आता २४ तासांना पी२१ निम्मा का झाला याचं एक कारण असं आहे जे बरेच जण विसरतात, मीही सुरुवातीला विसरायची. लिम्फोसाइट्स रेडिएशनला अगदी नाजूक असतात, त्यातही बी पेशी टी पेशींपेक्षा जास्त. २ ग्रेनंतर २४ तासांत त्यातल्या बऱ्याच मरणाच्या वाटेवर असतात किंवा मेलेल्या असतात, आणि तुम्ही जो आरएनए काढता तो उरलेल्यांचा. गावातली तरणी पोरं कामाला शहरात गेली की गावाचं सरासरी वय वाढतं, म्हणून एका रात्रीत कोणी म्हातारं झालेलं नसतं. तसंच इथे. ज्या पेशींनी सगळ्यात जोरात प्रतिसाद दिला त्याच गेल्या असतील तर सरासरी खाली येणारच, एकाही जिवंत पेशीत पी२१ कमी न होता. म्हणून प्रत्येक टाइम पॉइंटला ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना लागणारा रंग) लावून काउंट घ्या, जमलं तर फ्लो सायटोमीटरवर (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या मशीनवर) बी आणि टी किती उरल्या ते बघा. रेडिओथेरपी चालू असलेल्या पेशंटचं रक्त असेल तर हे अजून अवघड होतं, कारण तिथे शरीरातच लिम्फोसाइट्स कमी होतात, न्यूट्रोफिल्सचं प्रमाण बदलतं, आणि पूर्ण रक्ताच्या आरएनएमध्ये दिसणारा अर्धा बदल या मिश्रणाचा असू शकतो.

कंट्रोलबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की 'अनइरॅडिएटेड सॅम्पल ० तासांना काढलं'. ही एक गोष्ट मात्र बदला, प्लीज. प्रत्येक टाइम पॉइंटला त्याच वेळेचा कंट्रोल हवा, आणि तो कंट्रोल मशीनपर्यंत जाऊन परत आलेला हवा. मी हे इतकं ठासून का सांगते त्यामागे एक अनुभव आहे. सुरुवातीच्या वर्षांत मशीन दुसऱ्या बिल्डिंगमध्ये होतं, आम्ही फ्लास्क थर्माकोलच्या डब्यात कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवून न्यायचो, कंट्रोल मात्र इन्क्युबेटरमध्येच. अर्ध्या तासाच्या टाइम पॉइंटला फॉस आणि ईजीआर१ दणदणीत वाढलेले मिळाले, हे जीन रेडिएशननंतर लवकर वाढतात हे तोवर छापूनही आलेलं होतं, त्यामुळे आम्ही खुश. पुढे एका ज्युनियर मुलीने परतल्यावर डबा उघडला आणि म्हणाली, मॅडम, मीडियमचा रंग बघा. लालसर-नारिंगी असायला हवं ते गुलाबी-जांभळं झालेलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर गेलेला, आणि फ्लास्क हाताला गार. तिने स्वतःहून दुसऱ्या दिवशी एक फ्लास्क नुसता फिरवून आणला, मशीनमध्ये न ठेवता. फॉस जवळपास तेवढाच वाढला. आमचं तीन महिन्यांचं काम अर्ध्या तासाच्या प्रवासाचा परिणाम मोजत होतं. तेव्हापासून आमच्याकडे फिरून आलेल्या कंट्रोलशिवाय प्लेट लागत नाही. पी५३ चे जीन या हिसक्यांना तेवढे दाद देत नाहीत, त्यामुळे तुमचे निकाल बहुतेक टिकतील, पण ४ तासांना मिळालेल्या वाढीत फिरण्याचा किती आणि कल्चरमध्ये ठेवण्याचा किती हे आत्ता तुम्हाला सांगता येणार नाही.

मशीनबद्दलही विचारून घ्या. कोबाल्ट-६० चं हाफ लाइफ ५.२७ वर्षं, म्हणजे डोस रेट महिन्याला एक टक्क्याहून थोडा जास्त घसरतो, आणि जुना सोर्स असेल तर दहा-अकरा वर्षांत चौथाईवर येतो. मशीनवर चिकटवलेला चार्ट कधीचा आहे ते बघा आणि आजचा रेट काढून घ्या. २ ग्रे द्यायला दोन मिनिटं लागत असतील तर प्रश्न नाही, पण वीस मिनिटं लागत असतील तर तुमचा शून्य वेळ कुठला, मशीन चालू केलं तो की बंद केलं तो? ४ आणि २४ तासांना याने काही बिघडत नाही, पण अर्ध्या तासाचं सॅम्पल घेणार असाल तर बिघडतं. आणि तोच डोस फार सावकाश, दिवसांवर पसरून दिला तर रिपेअर सोबतच चालू राहतं, जीन्सचं चित्र लहान आकारात तेच न राहता वेगळंच होतं. केरळच्या किनाऱ्यावर थोरियमवाल्या मोनाझाइट वाळूमुळे पिढ्यानपिढ्या जास्त बॅकग्राउंड रेडिएशनमध्ये राहणाऱ्या लोकांचा अभ्यास बीएआरसीचे (भाभा अणुसंशोधन केंद्राचे) लोक वर्षानुवर्षं वेगळा करतायत तो म्हणूनच, मशीनमधल्या दोन मिनिटांवरून त्यांचं अनुमान काढता येत नाही.

हाउसकीपिंग जीनबद्दल (तुलनेसाठी धरलेला, रेडिएशनने न हलणारा जीन) एवढंच की एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नका, दोन-तीन लावून बघा आणि जो कंट्रोलच्या तुलनेत सगळ्या वेळी स्थिर राहील तो घ्या. आम्ही लिम्फोसाइट्ससाठी बऱ्याचदा एचपीआरटी१ वापरतो. बी२एम उशिराच्या टाइम पॉइंटला टाळा, तो इंटरफेरॉनने (व्हायरसविरुद्धचा इशारा देणाऱ्या प्रोटीनने) वाढतो, आणि इंटरफेरॉनचं काय ते पुढे सांगते.

तर ४ की २४. तुमचा प्रश्न 'पेशीला डॅमेज कळलं का, पी५३ चा मार्ग चालू आहे का' असा असेल तर ४ तास उत्तम, ६ पण चालतील, सीनियर बरोबर. प्रश्न 'या रक्तावरून डोस किती मिळाला ते ओळखता येईल का' असा असेल तर गाइड बरोबर, आणि त्यामागे फार खरं कारण आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात विकलेल्या जुन्या मशीनमधून कोबाल्ट-६० बाहेर आलं, लोक होरपळले, एकाचा जीव गेला. अशा वेळी लोक ४ तासांनी दवाखान्यात येत नाहीत, दिवसांनी येतात, कित्येकदा आपल्याला काय झालंय हे त्यांना माहीतही नसतं. अर्ध्या तासात उसळून बसणारा फॉस तिथे काय कामाचा. तिथे २४, ४८ तासांनीही डोसच्या प्रमाणात वर दिसणारे जीन हवेत, एफडीएक्सआर, डीडीबी२, पी२१ यांच्यावर इतकं काम झालंय ते त्यामुळेच. आजही डोस ठरवायची मान्य पद्धत डायसेंट्रिक (चुकीचे जोडले जाऊन दोन सेंट्रोमिअर असलेले) क्रोमोसोम मोजण्याचीच आहे, पण तिला पेशी पहिल्या डिव्हिजनपर्यंत आणायला साधारण ४८ तासांचं कल्चर लागतं आणि मग मायक्रोस्कोपखाली डोळे फोडायचे, म्हणून आरएनएवरून झटपट चाळणी लावता आली तर डॉक्टरांचे दोन दिवस वाचतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की २४ तासांनंतर सगळं नॉर्मल होतं का. हे पेशीवर अवलंबून आहे. बहुतेक ब्रेक काही तासांत जोडले जातात, पण जे राहतात किंवा चुकीचे जोडले जातात ते पुढे बोलतात. वाढणाऱ्या पेशीत, पी५३ शाबूत असेल तर, पी२१ मुळे सायक्लिन बी१, पीएलके१ वगैरे डिव्हिजनचे जीन ८ ते २४ तासांत खाली जातात, तुमच्या लिम्फोसाइट्स पीएचए (पेशींना विभाजनाला लावणारा पदार्थ) दिल्याशिवाय डिव्हाइडच होत नाहीत म्हणून तुम्हाला ही घसरण दिसणार नाही, आणि ती न दिसणं ही चूक नाही. काही पेशी तुटका डीएनए घेऊनच डिव्हिजनमधून जातात, मायक्रोन्यूक्लियस (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेली छोटी केंद्रकं) तयार होतात, ते फुटले की सीगॅस नावाचा सेन्सर त्या डीएनएला व्हायरस समजल्यासारखा ओरडायला लागतो आणि इंटरफेरॉनचे जीन वर येतात. २०१७ मध्ये हे छान उलगडलं गेलं. पेशीला आधी डिव्हिजन करावी लागते, त्यामुळे ही लाट तासांनी नाही तर दिवसांनी येते, २४ तासांवर थांबलेल्या माणसाला ती दिसतच नाही. फायब्रोब्लास्टसारख्या पेशी कायमच्या थांबल्या तर त्याही काही दिवसांनी आयएल-६, आयएल-८ ही सूज वाढवणारी प्रोटीन्स सोडायला लागतात. रेडिओथेरपी संपून महिने झाल्यावर पेशंटची कातडी घट्ट होते, खांदा उचलत नाही, तेव्हा घरचे विचारतात, आता कुठलं रेडिएशन राहिलंय. रेडिएशन नाही राहिलेलं, टीजीएफ-बीटा या प्रोटीनच्या नादाने चालू झालेले जीन चालूच राहिलेत.

पेशींची निवड पण बघून घ्या, पुढे सेल लाइन (लॅबमध्ये कायम वाढत राहणाऱ्या पेशी) वापरणार आहात असं लिहिलंय म्हणून सांगते. हेलामध्ये एचपीव्ही या व्हायरसचं ई६ प्रोटीन पी५३ ला मोडून टाकतं, के५६२ मध्ये पी५३ नाहीच, जुर्काटमध्ये बिघडलेला आहे. यात पी२१ वाढला नाही म्हणून डोस वाढवत नेणारे मी पाहिलेत. एमसीएफ-७, एचसीटी११६, ए५४९, टीके६ यांत पी५३ शाबूत आहे, तिथून सुरू करा.

बजेट कमी आहे म्हणालात, तर मी तुमच्या जागी असते तर २, ६, २४ आणि ४८ तास घेतले असते, प्रत्येक वेळेला फिरून आलेला कंट्रोल, डोस ०, ०.५ आणि २ ग्रे, आणि रक्त देणारी माणसं किमान तीन, कारण माणसामाणसात फरक असतोच आणि एकाच माणसाचं तीनदा लावलेलं रीडिंग म्हणजे तीन माणसं नव्हेत. जीन चारच, एमडीएम२ लवकरचा म्हणून, पी२१ मधला, एफडीएक्सआर उशिरापर्यंत टिकणारा म्हणून, आणि एखादा पी५३ शी संबंध नसलेला. रक्त ठरलेल्या वेळीच काढा, सगळ्यांचं सकाळी तर सगळ्यांचं सकाळी. इरॅडिएशननंतर पेशी लगेच ३७ डिग्रीला जायला हव्यात, बर्फावर ठेवल्या तर सगळं घड्याळ थांबतं आणि तुमचे ४ तास खरे ४ तास राहत नाहीत. उलट वेळ झाली की त्याच मिनिटाला ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए टिकवणाऱ्या द्रावात) टाका, सेंट्रिफ्यूज रिकामा होईपर्यंत टेबलावर ठेवू नका, तेवढ्या वेळात एमडीएम२ सारखा आरएनए मोडायला लागलेला असतो.

आणि तो २४ तासांचा आरएनए, जो तुम्ही 'बहुतेक खराब झालाय, टाकून देते' म्हणालात, तो टाकू नका. उणे ८० ला ठेवा, आधी २६०/२८० (आरएनए किती शुद्ध आहे ते सांगणारं प्रमाण) बघा आणि जेल चालवून २८एस, १८एस या रायबोसोमच्या आरएनएचे दोन पट्टे स्पष्ट आहेत का ते बघा. असतील तर उद्याच्या प्लेटवर चार वेल फक्त एफडीएक्सआरसाठी ठेवा, दोन कंट्रोल, दोन २ ग्रे. तो वर आला तर तुमचा आरएनए आणि तुमचं २४ तासांचं सॅम्पल दोन्ही ठीक आहेत, आणि एमडीएम२ खरंच उतरलेला आहे. रीडिंग आलं की सीटी व्हॅल्यूंसकट (पीसीआरच्या कच्च्या आकड्यांसकट) इथेच टाका, मी बघते.